दोष गिटारचा की बोटांचा?

गॅदरिंग संपलं की आमच्या म्युझिक रूमचं कपाट उघडतं आणि दरवर्षीचा वाद सुरू होतो. कपाटात चार इलेक्ट्रिक गिटार. काही पासआउट मंडळींनी ठेवून गेलेल्या, काही वर्गणीतून घेतलेल्या. दोन विकायच्या आणि एक नवी घ्यायची, असा ठराव होतो. विकायच्या कोणत्या? तर रंग उडालेली आणि 'वाजवायला जड' असलेली! हा निकाल एका संध्याकाळी, प्रत्येकीवर दोन-दोन कॉर्ड वाजवून लागतो. माझा त्याला विरोध आहे.

मित्रांनो, आपण इंजिनियर (होऊ घातलेले का होईना!) आहोत. 'जड' म्हणजे किती, ते आधी मोजू या. फेंडर घराण्याच्या गिटारींत नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी बहुधा 25.5 इंच असते, गिब्सन घराण्यात 24.75 इंच. तार तीच आणि सूरही तोच ठेवला, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे पाऊण इंचापायी सुमारे 6 टक्के जास्त ताण. लांबी काही बदलता येत नाही. पण पहिली तार 10 ची काढून 9 ची लावली, तर तिचा ताण 19 टक्क्यांनी उतरतो. म्हणजे हे भांडण तारांच्या एका पाकिटात मिटण्यासारखं आहे.

खरी गोम वेगळीच असते. पावसाळाभर बंद कपाटात पडलेल्या गिटारच्या लाकडी नेकला बाक येतो आणि तारा वर उचलल्या जातात. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची साधारण दीड-दोन मिलिमीटर असावी. आमच्या 'जड' गिटारवर मी पट्टी लावली, तर साडेतीन भरली! ॲलन कीने ट्रस रॉड थोडा थोडा, एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवला, ब्रिज खाली घेतला, तारा बदलल्या. एका दुपारचं काम. नंतर तीच गिटार सोडायला कुणी तयार होईना.

सिनियर म्हणतात, "हात बसला की सगळं वाजतं रे!" अर्धं खरं आहे. नेकची जाडी, तारांमधलं अंतर, थोडी जास्त लांबी, याची बोटांना पंधरा दिवसांत सवय होते. म्हणून एका संध्याकाळी निकाल लावू नये. पण तारच उंच असेल, तर दाबताना ती ताणली जाते आणि सूर चढतो. याची सवय म्हणजे बेसूर ऐकायची सवय. फर्स्ट इयरला माझा रूममेट त्याच गिटारवर महिनाभर बोटं सोलून घेत होता. शेवटी "आपल्या हातात संगीत नाही" म्हणून त्याने सोडून दिलं. दोष दीड मिलिमीटरचा होता, शिक्षा त्याला झाली. तो आजही आमच्या प्रॅक्टिसला नुसता ऐकायला येतो.

ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी डावखुरा. 1965 साली, सतराव्या वर्षी, बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तारा दाबायचा हात नेमका तोच! त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, बारीक तारा लावल्या आणि वाजवत राहिला. हात बदलत नव्हता, म्हणून त्याने गिटार हाताशी जुळवून घेतली.

आणि 'ठेवायची कोणती' याचं उत्तर एरिक क्लॅप्टनकडे मिळतं. 1970 मध्ये त्याने नॅशव्हिलच्या एका दुकानातून जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या. काही मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तीनांतले चांगले भाग निवडून एकच काळी गिटार बांधली. तीच 'ब्लॅकी'. रंग उडालेली, वापरून झिजलेली ती गिटार 2004 च्या लिलावात 9,59,500 डॉलरला गेली.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. विकण्याआधी चारही गिटारींचा सेटअप करा. एक वही लावा आणि पंधरा दिवस कोण कोणती उचलतं ते लिहा. एखादीची नेक पिळवटलेली निघाली, तर ती कुणाच्या गळ्यात मारू नका. तिचे पिकअप आणि खुंट्या काढून दुसरीला वापरा. आणि निवड करताना लीड वाजवणाऱ्या बीईच्या दादाला एकट्याला विचारू नका, तो तर काठीवरही सोलो काढेल. पहिल्यांदा गिटार हातात धरणाऱ्या एफईच्या पोराला विचारा.

वर्कशॉपच्या सरांकडून फीलर गेज मागून घेतलाय. रविवारी मेस आटपली की रूम उघडी असेल. रूममेटलाही बोलावलंय, यंदा नुसतं ऐकायला नाही.