चर्चेची वही कोणाच्या कपाटात?

व्यापारात मालाइतकीच माहितीही मोलाची असते. सुताचा काउंट कमी भरला, धुलाईत रंग उतरला, माल परत आला, तर पुढे काय करावे हे अनुभवी माणसाला विचारल्यावाचून कळत नाही. आज ही सल्लामसलत इंटरनेटवरही होते. ती तेथे कोणत्या मार्गाने करावी, हा प्रश्न आम्हाला किरकोळ वाटत नाही.

मार्ग तीन आहेत. मेलिंग लिस्टवर एकाने पाठविलेला ई-मेल सर्व सभासदांना पोचतो आणि प्रत्येकाकडे त्याची नक्कल राहते. वेब फोरमची चर्चा एका वेबसाइटवर असते. वाचायला आपल्याला तेथे जावे लागते. फीड म्हणजे नव्या मजकुराची वर्दी. ती आपल्याकडे येते, पण तिच्यातून उत्तर देण्याची सोय सहसा नसते.

फोरमचे गुण आम्ही नाकारीत नाही. नवा माणूस जुनी चर्चा विषयवार वाचू शकतो आणि मेलची पेटीही तुंबत नाही. परंतु दिवसभर मागावर उभा राहणारा कारीगर रोज चार वेबसाइटी पाहत बसणार नाही. मेल त्याच्या दारी येतो.

याहून मोठा मुद्दा वहीचा आहे. फोरमची वही मालकाच्या कपाटात असते; त्याने दुकान बंद केले की वहीही गेली. गुगलने ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद केले आणि तेथील कम्युनिटींतील बोलणे थांबले. याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले. तेथे साठविलेला मजकूर त्याआधीच काढून टाकला होता. मात्र ज्यांनी ग्रुपचे मेल स्वतःकडे जपले होते, त्यांची चर्चा शाबूत राहिली. गुगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाला, तरी फीड बुडाल्या नाहीत. फीड एका कंपनीच्या मालकीची नसल्याने लोक त्याच फीड दुसऱ्या प्रोग्रामात वाचू लागले. ई-मेलचेही तसेच आहे. एका कंपनीच्या पत्त्यावरून दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यावर तो बिनदिक्कत जातो.

कोणी म्हणेल, मेलची पेटी तरी कंपनीचीच ना? खरे आहे. म्हणून मेलची नक्कल आपल्या संगणकावर उतरवून ठेवावी. लिस्ट चालविणारा उद्या थांबला, तरी सभासदांचे पत्ते हाती असले की नवी लिस्ट उभी करता येते.

आपल्या व्यापारी मंडळांना आमची सूचना अशी : मुख्य चर्चा मेलिंग लिस्टवर करावी. जुन्या मेलांचा संग्रह वेबवर ठेवावा, म्हणजे नवख्यालाही लाभ होईल. ज्यांना फक्त वाचायचे आहे, त्यांच्यासाठी फीड द्यावी.

उधारीचा हिशेब आपण दुसऱ्याच्या वहीवर सोडत नाही. मग वर्षानुवर्षांच्या अनुभवाचा का सोडावा?