चिन्मयचा ‘किल्ला’ आणि आमचा भाचा

शुक्रवारी रजा टाकून लासलगावला ताईकडे गेलो होतो. मागच्या वर्षी दाजी गेले. भाचा तेव्हा दहा वर्षांचा होता. आता तो शाळा बुडवून आजोबांबरोबर ट्रॅक्टरवर बसून कांदा मार्केटला जातो. लिलाव होईपर्यंत तासन् तास रांगेत थांबतो. सगळं गाव कौतुक करतं, "पोरानं बापाची जागा घेतली बघा!"

खरं सांगू? दशक्रियेच्या दिवशी त्याला पहिल्यांदा "आता तूच घरातला कर्ता" हे मीच म्हणालो होतो. काहीतरी धीराचं बोलावं म्हणून बोललो. तो रडायचा थांबला. मला वाटलं, वा, समजूतदार आहे!

शनिवारी रात्री लॅपटॉपवर आम्ही दोघांनी ‘किल्ला’ पाहिला. अविनाश अरुणचा हा सिनेमा. २०१४ साली बर्लिनला मुलांच्या ज्युरीनं त्याला क्रिस्टल बेअर दिलं, नंतर राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला आणि २०१५ मध्ये तो आपल्याकडे थिएटरला लागला. अकरा वर्षांच्या चिन्मयचे वडील वारलेत. आईची (अमृता सुभाष) बदली होते आणि पुण्याचा हा स्कॉलर मुलगा कोकणातल्या एका गावात येऊन पडतो.

आता गंमत बघा. चिन्मय अख्ख्या सिनेमात ‘समजूतदार’ असं काही करत नाही. आईवर चिडतो. किल्ल्यावर मित्र त्याला पावसात एकट्याला टाकून निघून जातात, तर तो त्यांच्याशी बोलणंच बंद करतो. वडिलांबद्दल तर जवळजवळ अवाक्षर नाही! पण माणसं आपल्याला सोडून जातात, हे त्याला आधीच कळलंय. म्हणून किल्ल्यावरची ती गोष्ट त्याला एवढी लागते. दिग्दर्शक हे समजावून सांगत बसत नाही. कॅमेराही त्याचाच आहे. तो नुसता पाऊस आणि त्या पोराचा चेहरा दाखवतो.

त्याच सुमाराला, म्हणजे नोव्हेंबर २०१४ मध्ये, परेश मोकाशींचा ‘एलिझाबेथ एकादशी’ आला होता. तिथेही वडील नाहीत. त्यांनी बनवलेली सायकल विकावी लागू नये म्हणून ज्ञानेश पंढरपूरच्या यात्रेत बांगड्यांचं दुकान मांडतो. मलाही तो सिनेमा जाम आवडतो. पण आपले नातेवाईक त्यातून सोयीचा तेवढाच धडा घेतात, की पोरगं कसं कामाला लागलं! ज्ञानेशला वडिलांची आठवण वाचवायची असते, घर चालवायला तो निघालेला नसतो, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्याला मुलांचं दुःख उपयोगी असेल तरच चालतं. कामाला लागला तर गुणी, आईवर ओरडला तर बिघडला. खरं तर ओरडणाऱ्याचं निदान आपल्याला कळतं तरी. गप्प राहून ट्रॅक्टरवर बसणाऱ्याचं काय? घरात पैशाची ओढाताण असते, पोराला हात लावावाच लागतो, हे मी पुण्यात एसीत बसून नाकारणार नाही. पण काम करणं वेगळं आणि ‘कर्ता’ होणं वेगळं.

सिनेमा संपल्यावर भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, त्याच्या आईनं त्याला मारलं नाही ना, एवढा चिडला तरी?"

म्हटलं, "नाही."

"मग मी चिडलो तर चालेल?"

काय बोलणार, राव! ‘हो’ म्हणालो, आणि दशक्रियेच्या दिवशी बोललेलं परत घेतो असंही सांगितलं. रविवारी सकाळी त्यानं खरंच ताईशी दणकून भांडण केलं. कारण काय, तर दाजींचा जुना शर्ट तिनं पुसायला काढला होता. मग दोघंही रडले, वर्षभरात पहिल्यांदाच एकत्र.

असो. ‘किल्ला’ मिळाला तर जरूर बघा. आणि पुढच्या वेळी कुणाच्या दशक्रियेला गेलात, तर त्या घरातल्या पोराला ‘कर्ता’ म्हणू नका. जेवलास का, एवढंच विचारा.