गहाण पडलेले घर आणि जिमखान्याचा हिशेब

लखनऊच्या अमौसी विमानतळाजवळ, कानपूर मार्गावर, सरोजिनीनगर आहे. तेथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात महिला कुस्तीगिरांची राष्ट्रीय शिबिरे भरली आहेत. त्यांचा निवास, आहार व प्रशिक्षण यांचा भार शासन उचलते. त्या केंद्रावरून जाताना मला खाशाबा जाधव आठवतात.

१९५२ साली खाशाबांना हेलसिंकीस पाठविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही कथा आपण अभिमानाने सांगतो. प्रशासक म्हणून वाचताना मात्र माझी मान खाली जाते. विद्यार्थ्याच्या प्रवासाची तरतूद नव्हती, म्हणून गुरूचे घर गहाण पडले.

आज महाविद्यालये प्रवेशाच्या वेळीच जिमखाना शुल्क घेतात. त्यातले मैदानापर्यंत किती पोहोचले, हे भरणाऱ्यास क्वचितच कळते. ‘निधी अपुरा आहे’ हे उत्तर हिशेब दाखविल्यावरच ऐकून घ्यावे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ शासकीय व भरीव अनुदान घेणाऱ्या संस्थांना अंदाजपत्रक व खर्च आपण होऊन प्रसिद्ध करण्यास सांगते. मग जमा, सराव, प्रवास आणि शिल्लक या चार ओळी सूचनाफलकावर लावण्यास अडचण कोणती?

परप्रांती व परदेशी स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनीही देणगी धाडण्यापूर्वी या चार ओळी मागाव्यात. एखाद्याच्या त्यागावर विसंबून राहणाऱ्या कारभारास व्यवस्था म्हणता येत नाही.