दोघांच्या नावानं आलेलं पत्र

परवा दुधनीहून नात आणि नातजावई आले होते. नात म्हणजे माझ्या पुतण्याची मुलगी. लग्नाला अजून वर्ष व्हायचं आहे. दोघंही इंग्रजी घेऊन बी.ए., बी.एड. झालेले आणि दोघंही नोकरीच्या शोधात. चहा होईपर्यंत इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग नातीनं पिशवीतून प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला कागद काढला आणि माझ्यापुढं धरला. "अज्जा, हे वाचा आणि जाऊ का नको ते सांगा."

मालदीवमधल्या एका बेटावरच्या शाळेत इंग्रजी शिकवण्याची नोकरी होती. पत्राच्या माथ्यावर दोघांची नावं होती. मजकुरात मात्र नेमणूक एकटीची, नातीची. करार दोन वर्षांचा, राहायला जागा, येण्याजाण्याचं विमानभाडं. शेवटी एक ओळ: पतीला सोबत राहता येईल, त्याच्या नोकरीचा विचार तिकडे आल्यावर जागा असल्यास केला जाईल.

मी ते पत्र दोनदा वाचलं. इंग्रजी अवघड होतं म्हणून नव्हे. ती शेवटची ओळ मी पूर्वी एकदा वाचलेली होती.

१९७९ सालची गोष्ट. आमचं नवीन लग्न झालेलं. मी दुधनीचा. अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकाच्या हद्दीला लागलेलं हे गाव. मुंबई-चेन्नई रेल्वेमार्गावर सोलापूर सोडून अक्कलकोट रोड मागं टाकलं की थोड्या वेळात दुधनी येतं आणि पुढं महाराष्ट्र संपतो. तुरीची मोठी बाजारपेठ. अप्पा तिथल्याच एका आडत दुकानात दिवाणजी होते. घरात कानडी, शाळेत मराठी, स्टेशनावर हिंदी, आणि पाचवीपासून इंग्रजी. सौ. बार्शीची, तिचं सगळं मराठीत. लग्नानंतर वर्षभरात ती अव्वाशी कानडीतून भांडायला शिकली, यावरून तिच्या भाषेच्या कानाची कल्पना यावी. तेव्हा सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, ते २००४ साली झालं. आम्हा दोघांच्या पदव्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या होत्या.

त्या काळात नायजेरियात तेलाचा पैसा आलेला होता. १९७६ साली तिथल्या सरकारनं सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची योजना सुरू केली. शाळा भराभर भरल्या, शिक्षक कमी पडले आणि भारतातून शिक्षक जाऊ लागले. वर्तमानपत्रातली जाहिरात बघून आम्ही दोघांनी अर्ज केले. पॅसेंजरनं सोलापूर, तिथून रात्रीच्या गाडीनं मुंबई असं करून मुलाखत देऊन आलो. दोन महिन्यांनी पत्र आलं. माझी नेमणूक पक्की. पत्नीच्या नोकरीचा विचार तिकडे आल्यावर, जागा असल्यास.

पगाराचा आकडा बघून अप्पांनी चष्मा पुसून पत्र पुन्हा वाचायला सांगितलं. त्या वेळी एका नायराला तेरा-चौदा रुपये पडत. आडत दुकानात उभं आयुष्य घालवलेल्या माणसाला हा गुणाकार सांगावा लागला नाही. अव्वा मात्र नुसती "किती लांब रे ते?" एवढंच विचारत राहिली. पंधरा दिवस घरात तोच विषय होता. भावानं मत दिलं, मामानं दिलं, आडत दुकानाच्या मालकांनीही दिलं. शेवटी आईवडिलांचं वय आणि धाकट्या भावाचं शिक्षण या दोन कारणांवर मी नकाराचं पत्र लिहिलं. इंग्रजीतच लिहिलं, छान लिहिलं. त्यात "वुई" हा शब्द तीनदा आला होता.

मराठीत "आम्ही" वेगळं आणि "आपण" वेगळं. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. पुढं तीस वर्षं वर्गात मी हा फरक फळ्यावर लिहून शिकवला. पण त्या पत्रातलं माझं "वुई" ना आम्ही होतं, ना आपण. ते साधं "मी" होतं. कारण त्या पंधरा दिवसांत सगळ्या गावाला विचारून झालं होतं, फक्त एका माणसाला विचारायचं राहिलं होतं. ते माणूस स्वयंपाकघरात होतं.

माझा निर्णय बरोबर ठरला, असं पुढं कित्येक वर्षं मी अभिमानानं सांगत असे. आमच्याबरोबर मुलाखतीला आलेलं एक जोडपं गेलं. पहिली काही वर्षं त्यांनी घरी चांगला पैसा पाठवला. पुढं तेलाचे भाव उतरले, १९८६ साली नायजेरियानं नायरा बाजारावर सोडला आणि त्याची किंमत धाडकन खाली आली. ज्यांची शिल्लक नायरात होती त्यांच्या शिलकीचा पाचोळा झाला. ते जोडपं परत आलं तेव्हा मी सौ.ला म्हटलं, "बघ, बरं झालं की नाही आपण गेलो नाही ते?" ती काही बोलली नाही.

बोलली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. मुलगी शिक्षणासाठी पुण्याला निघाली होती, ट्रंक आवरताना तळाशी वर्तमानपत्राच्या घडीत मुलाखतीचं जुनं बोलावणं सापडलं. तिचं, तिच्या नावाचं. मला वाटलं होतं ते कधीच रद्दीत गेलं. ती म्हणाली, "मुलाखतीत त्यांनी तुमच्यापेक्षा मला जास्त प्रश्न विचारले होते, आठवतं?" मला आठवत नव्हतं. "मला विचारलं असतं तर मीही बहुतेक नाहीच म्हणाले असते. अव्वांना सोडून जाणं मलाही जड गेलं असतं. पण तुम्ही विचारलंच नाही." एवढं बोलून तिनं तो कागद परत घडीत ठेवला. राग नव्हता, तक्रारही नव्हती. पण तेव्हापासून "निर्णय बरोबर ठरला" हे वाक्य मी उच्चारलेलं नाही. बरोबर ठरलेला निर्णयसुद्धा चुकीच्या रीतीनं घेतलेला असू शकतो, हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळलं.

खरं म्हणजे हे आपल्याकडं फार आधीच कळायला हवं होतं. पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींनी १८७८ साली एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. आपल्याला अमेरिकेत नोकरी मिळेल का आणि पत्नीला शिक्षण घेता येईल का, अशी चौकशी त्यात होती. म्हणजे बेत दोघांनी जायचा. ते जमलं नाही. अखेर १८८३ साली आनंदीबाई एकट्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. तेव्हा त्या जेमतेम अठरा वर्षांच्या होत्या. गोपाळरावांचा हट्ट, त्यांची सक्ती यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते खोटं नाही. पण निघण्यापूर्वी फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण करून आपण अमेरिकेला का जात आहोत हे लोकांना सांगितलं ते आनंदीबाईंनी, स्वतः उभं राहून, इंग्रजीतून. बेत नवऱ्यानं मांडला असेल, पण उत्तर त्यांचं त्यांनी दिलं. आमच्या घरात शंभर वर्षांनंतरही तेवढं घडलं नव्हतं.

नातीचं पत्र हातात धरून मी हे सगळं आठवत बसलो होतो. ती अस्वस्थ झाली. "अज्जा, वाईट आहे का पत्र?"

पत्र वाईट नव्हतं. मालदीवच्या शाळांत अभ्यास इंग्रजीतून चालतो, आणि भारतातून तिथं शिकवायला जाणाऱ्यांची रीत जुनी आहे. तिला दुसरीच काळजी होती. "माझे उच्चार चालतील का? आपलं इंग्रजी दुधनीचं." मी म्हटलं, चालतील. त्या बेटावरची मुलं घरी दिवेही बोलतात आणि शाळेत इंग्रजीशी झटतात. घरात एक भाषा आणि वर्गात दुसरी असली की पोर कुठं अडखळतं, हे लंडनच्या शिक्षकापेक्षा दुधनीच्या शिक्षिकेला आधी समजतं. ती स्वतः तिथंच अडखळलेली असते.

इथं थांबून राहण्यात काय आहे, हेही पाहायला हवं. अनुदानित माध्यमिक शाळेत जागा मिळालीच, तर पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढायची. २०२३ साली ते मानधन वाढवलं, तेव्हा माध्यमिकसाठी ते महिना १८ हजार रुपये झालं. आणि ती जागा मिळेपर्यंत परीक्षा, गुणवत्ता यादी, वाट पाहणं. अशा वेळी पोरं बाहेर बघतात यात त्यांचा दोष नाही. "देश सोडून चालले" म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी आधी त्यांना इथं एक वर्ग मिळवून द्यावा.

मात्र हो म्हणण्याआधी काही गोष्टी विचारून घ्यायलाच हव्यात. पत्र एका एजंटामार्फत आलं होतं आणि तो दोघांचे मिळून अडीच लाख मागत होता. १९८३ च्या परदेशगमन कायद्याप्रमाणे एजंटाकडं परराष्ट्र खात्याची नोंदणी असावी लागते, आणि त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर एवढंच घेता येतं. नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पडताळता येतो. नातजावयानं तिथल्या तिथं मोबाईलवर शोधलं. नाव सापडलं नाही. एक प्रश्न तिथंच निकालात निघाला: पत्रव्यवहार यापुढं थेट शाळेशी करायचा. पर्यटक म्हणून चला, कागद नंतर करू, असं कुणी म्हटलं तर पाय उचलायचा नाही. थायलंडच्या नोकरीच्या नावाखाली नेलेली आपली शिकलेली मुलं म्यानमारमध्ये फसवणुकीच्या कामाला जुंपली गेली, आणि २०२२ साली सरकारला जाहीर इशारा द्यावा लागला.

दुसरी गोष्ट पैशाची. नायराचा धडा मी विसरलेलो नाही. मालदीवचं चलन रुफिया. डॉलरचा सरकारी दर पंधरा रुफियांच्या थोडा वर, पण तिथं डॉलरची टंचाई असते आणि परदेशी नोकरदारांनी महिन्याला किती डॉलर घरी धाडावेत यावर बँका मर्यादा घालतात. म्हणून पगार किती यापेक्षा त्यातला किती घरी पोचेल, हे विचारायचं.

तिसरी गोष्ट घरातल्यांना सांगायची. नातीच्या आजीनं बरोबर द्यायला स्वामी समर्थांची छोटी मूर्ती काढून ठेवली आहे. अक्कलकोट तालुक्यातलं घर, दुसरं काय देणार? पण मालदीवमध्ये पूजेच्या मूर्ती नेऊ देत नाहीत, आणि इस्लामखेरीज इतर धर्मांची उघड उपासनाही तिथं चालत नाही. त्यांचा देश, त्यांचा नियम. विमानतळावर कळून रडण्यापेक्षा दुधनीत कळलेलं बरं.

हे सगळं बोलणं माझं आणि नातीचं चाललं होतं. ती विचारत होती, मी सांगत होतो. आतून सौ. चहाचे कप न्यायला आली आणि उभ्या उभ्याच नातजावयाला म्हणाली, "जावईबापू, तुमचं काय म्हणणं आहे?"

खोलीत एकदम शांतता झाली. आल्यापासून त्या मुलानं जेमतेम चार वाक्यं बोलली होती. या वेळी पक्की नेमणूक बायकोची होती आणि "आल्यावर बघू" ही ओळ त्याच्या वाट्याला आली होती. गावात लोक "बायकोच्या मागं चाललास काय?" म्हणून हसतात, ते तो हसून सोडून देत होता. मी एवढा शहाणा होऊन, एवढं सगळं आठवून, पुन्हा तीच चूक केली होती. फक्त माणूस बदललं होतं.

तो हळूच म्हणाला, "जायला हरकत नाही आजी. पण तिथं मी दिवसभर करू काय?"

हाच खरा प्रश्न होता. जोडीदार म्हणून मिळालेल्या परवान्यावर बऱ्याच देशांत नोकरी करता येत नाही, त्याला वेगळा परवाना लागतो. शिवाय मालदीव म्हणजे सुमारे बाराशे बेटं, त्यांतली दोनशेच्या आतबाहेर वस्तीची. उद्या त्याला जागा मिळाली आणि ती दुसऱ्याच बेटावर असली, तर मध्ये समुद्र. दोघांनी मिळून जायचं आणि शुक्रवारच्या सुटीला बोटीची वाट बघत बसायचं, असाही संसार होऊ शकतो. त्याचं काम, त्याचा परवाना आणि तेच बेट, या तिन्ही गोष्टी लेखी असल्याशिवाय ते पत्र दोघांना आलेलं नाही. ते एकटीला आलेलं आहे. एकटीनं जायचं असेल तर तोही मार्ग आहे, आनंदीबाईंपासूनचा. पण मग तसं ठरवून जावं.

मी त्यांना जा म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. दोन कोरे कागद दिले. एकमेकांना न दाखवता लिहा, म्हटलं. मला काय हवंय, मला कशाची भीती वाटते, आणि दोन वर्षांनी परत आल्यावर मी कोण असेन. मग कागद बदलून वाचा. अप्पा, अव्वा, मामा, आडतवाले यांचा नंबर त्यानंतर.

ती दोघं समोरच्या खोलीत जाऊन अर्धा तास लिहीत बसली. काय लिहिलं ते मला ठाऊक नाही, विचारलंही नाही. संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली. दोन दिवसांनी नातीचा फोन आला. शाळेला थेट पत्र पाठवलं होतं. नवऱ्याची नेमणूक त्याच शाळेत किंवा त्याच बेटावर, आणि तीही लेखी. नाहीतर दोघं इथंच भरतीच्या परीक्षेला बसणार. पत्राखाली सह्या दोन आहेत, हे तिनं मुद्दाम सांगितलं.

फोन ठेवून मी सौ.ला ते सांगितलं. ती भाजी निवडत होती. "चांगलं केलं पोरांनी," म्हणाली, आणि निवडलेली भाजी घेऊन आत गेली.