बांबू सुटला, वेत अडकला

सरकारी कचेरीतल्या एखाद्या जुन्या खुर्चीची बैठक जवळून पाहावी. चौकटीच्या कडेने बारीक भोके आणि त्यांतून ओवलेल्या, वेताच्या चकचकीत सालीच्या पट्ट्या: दोन पदर उभे, दोन आडवे, दोन तिरपे. पट्टी भिजवून विणायची. वाळली की ती ताणून बसते आणि मधे अष्टकोनी जाळी उरते. अंधशाळांतून हे काम शिकवले जाई, कारण ते बोटांनीच समजते. आता वेताच्या जागी प्लॅस्टिकची पट्टी आली आहे.

दुकानाच्या पाटीवर ‘केन’ आणि ‘बांबू’ जोडीने असतात, पण नाते तेवढेच. बांबू गवत, आतून पोकळ. वेत नारळाच्या कुळातला, आतून भरीव. म्हणून वाफ दिली की न तुटता वाकतो. त्याला स्वतःच्या पायांवर मात्र उभे राहता येत नाही. आकड्यांचा चाबूक शेजारच्या झाडाला अडकवत तो वर चढतो आणि काही जातींत शंभर मीटरच्याही पुढे जातो. म्हणजे वेत हवा तर झाड राखावे लागते. पिकासाठी जंगल तोडण्याच्या काळात हा गुण सोन्याच्या मोलाचा!

कायद्याला तो दिसलेला नाही. 1927 च्या भारतीय वन कायद्याने ‘झाड’ या शब्दात ताड-माड, बांबू आणि वेतही घातले. तोडलेले झाड म्हणजे इमारती लाकूड, या हिशेबाने छडीची मोळीही लाकूडच. 2017 मध्ये त्या व्याख्येतून बांबू वगळला. वेत तिथेच राहिला. गंमत अशी, की 2006 च्या वनहक्क कायद्यात हाच वेत मध आणि तेंदूपत्त्याच्या पंगतीत बसलेले गौण वनोपज आहे.

परसात लावलेल्या वेताला तरी ‘झाडा’च्या व्याख्येतून मोकळे करावे. धोरणाचा फटका कुणाला बसतो, हे इंडोनेशियात दिसले. जावातल्या फर्निचर-कारखान्यांना माल मिळावा म्हणून 2012 पासून तिथे कच्च्या वेताची निर्यात बंद झाली. भाव पडले आणि कालिमंतानमधल्या दायाक शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या वेताच्या बागा परवडेनाशा झाल्या.

जंगलातल्या तोडीवरचा पहारा अर्थातच उठवू नये. सुमात्रा-मलायातला जाडजूड ‘मनान’ एकखोडी आहे, कापला की संपला. आसाममधला ‘जाती बेत’ मात्र झुबक्याने वाढतो, कापल्यावर पुन्हा फुटतो आणि घरामागच्या वाडीत सुपारीच्या आधाराने सहज चढतो. सुपारीच्या बागा कोकण-गोव्यातही आहेत.