पाल, मुहाफिज आणि कपाटाची चावी

आठवीला मराठी शिकवताना ‘ग्रंथपाल’ हा शब्द आला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “टीचर, पुस्तकांवर फिरणारी पाल का?” वर्ग हसला, मीही हसले. नंतर वाटले, पोराचे काय चुकले? पाल त्याने रोज पाहिली आहे, ग्रंथपाल एकदाही नाही.

वसई-विरारच्या एका उर्दू शाळेत मी शिकवते. आमचे ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट. चावी माझ्याकडे; त्याला म्हणतात ‘लायब्ररीचा चार्ज’. पुस्तक हरवले तर जाब मला, म्हणून कपाट बंद. शिक्षण खात्यात ‘अर्धवेळ ग्रंथपाल’ असेही पदनाम आहे. मुलांनी अर्धवेळच वाचायचे, असा त्याचा अर्थ घ्यायचा का?

‘पाल’ म्हणजे राखणारा. उर्दूवाल्यांनी खुश होऊ नये. ‘मुहाफिज’ म्हटले तरी तोही राखणदारच. डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम पुस्तके वापरासाठी असल्याचे सांगतो. आपण मात्र अजून कुलपापाशीच आहोत.

मध्यंतरी आमच्या मोहल्ल्यात वाचनालय काढण्यासाठी बैठक झाली. दोन तास भांडण पाटीवरून! एक गट म्हणे ‘कुतुबखाना’, दुसरा म्हणे ‘ग्रंथालय’. अहो, मराठीला छापखाना चालतो, दवाखाना चालतो, मग कुतुबखान्यानेच काय घोडे मारले? आणि ‘ग्रंथालय’ लिहिल्याने कुणाचे ईमान जाणार आहे? तिथे बसणार कोण, हे मात्र कुणी विचारले नाही. बी.लिब. झालेली आपलीच एक मुलगी मागे बसली होती. एक बुजुर्ग तिला म्हणाले, “बेटी, किताबें देने का भी कोर्स होता है?”

होतो, चाचा. वर्गीकरण असते, तालिका असते. दहावीच्या पोराला नेमके काय हवे ते ओळखून त्याच्या हातात पुस्तक ठेवणे, हेही शिकावे लागते. 1967 च्या कायद्याखाली सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात. तिथे राबणाऱ्या माणसाला आपण कोणता वर्ग देतो? ‘किताबें देनेवाली’!

पाटीवर हवे ते लिहा, दोन्ही लिहा. पण त्या मुलीला पगारावर नेमा. आणि आमच्या शाळेतही तिच्यासारखीच कुणी आणा. चावी मी आजच द्यायला तयार आहे.