उजेड सोसवत नाही, तेव्हा…

बालरोगतज्ज्ञाने कंपवाताविषयी लिहावे, हे काही सहव्यवसायी मित्रांना विचित्र वाटेल. परंतु आपल्या निपाणी-बेळगाव पट्ट्यात नातवाला लशीसाठी घेऊन येणारी बहुधा आजीच असते आणि बाळाची तपासणी आटोपली की ती स्वतःचेही गाऱ्हाणे आपल्यापुढे मांडते.

अशाच एका आजींनी नातवाच्या नवव्या महिन्याच्या लशीच्या वेळी मला सांगितले, "डॉक्टर, उजेड सोसंना झालाय." त्यांना कंपवाताची औषधे चालू होती. "मोतीबिंदू असेल, डोळे दाखवून घ्या," एवढे बोलून मी पुढचा रुग्ण बोलावला. सोळाव्या महिन्याच्या डोसला सून एकटीच आली. "आत्या दिवसभर माजघरात दार लोटून बसतात. घरातले म्हणतात, सोंग आहे," असे ती म्हणाली. मी त्यांची सारी औषधे मागवून पाहिली. त्यांत ट्रायहेक्सिफेनिडिल होते. कित्येक वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर त्या गोळ्या मेडिकलमधून तशाच आणल्या जात होत्या. मधले सात महिने त्या बाई अंधारात बसून होत्या, याची टोचणी मला आजही आहे.

वास्तविक हे लक्षण मला तरी ओळखता यायला हवे होते. बांधावरच्या धोतऱ्याचे बी खाल्लेले मूल आपण बालरोगतज्ज्ञ जाणतो. कोरडे तोंड, लालबुंद चेहरा, बरळणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या! धोतऱ्यातील अॅट्रोपिन व स्कोपोलामिन ही द्रव्ये शरीरातील अॅसिटिलकोलीनचे कार्य रोखतात. ट्रायहेक्सिफेनिडिलही तेच करते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये शार्को यांनी कंपवातावर याच गुणाची वनस्पतिजन्य द्रव्ये वापरली होती. बाहुली नीट आकुंचन पावली नाही की ऊन थेट आत शिरते आणि जवळचेही अंधुक दिसू लागते.

अर्थात सारा दोष या एकाच गोळीच्या माथी मारणे योग्य नव्हे. लेव्होडोपानेही काहींच्या बाहुल्या विस्तारतात. खुद्द कंपवातात पापण्यांची उघडझाप मंदावते, डोळे कोरडे पडतात आणि उजेड झोंबतो. मोतीबिंदूही सोबतीला असू शकतो. म्हणूनच अंदाज न बांधता नेत्रतपासणी करून घेणे आवश्यक ठरते.

या तपासणीला विलंब परवडत नाही. ज्यांच्या डोळ्यातील कोन मुळात अरुंद असतो, त्यांच्यात बाहुली विस्तारल्याने काचबिंदूचा तीव्र झटका येऊ शकतो. अंधारातही बाहुली विस्तारतेच. म्हणजे रुग्ण आसरा म्हणून ज्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसतो, तीच त्याला घातक ठरण्याचा संभव असतो. लाल, ठणकणारा डोळा, दिव्याभोवती दिसणारी वलये, डोकेदुखी आणि उलट्या यांना पित्त समजून दवडलेले काही तास दृष्टी हिरावून नेऊ शकतात.

माझे मत असे की, वृद्ध रुग्णाचे हे औषध ठरावीक काळाने पुन्हा तपासलेच पाहिजे. वयोवृद्धांत त्याने विस्मरण, भ्रम, मलावरोध आणि लघवी अडकणे हेही घडते. मात्र ते हद्दपार करा, असे मी म्हणणार नाही. कंप हेच मुख्य लक्षण असलेल्या तरुण रुग्णांना ते उपयोगी पडते. डिस्टोनिया असलेल्या मुलांना मीही ते देतो. नातेवाइकांनी ते परस्पर बंद करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. एकाएकी थांबवल्यास ताठरपणा उसळतो. मात्रा हळूहळू उतरवावी, तीही उपचार करणाऱ्या तज्ज्ञानेच.

त्या आजींच्या बाबतीत नेत्रतज्ज्ञांनी कोन तपासला आणि त्यांच्या फिजिशियननी काही आठवड्यांत गोळी कमी करत बंद केली. कंप थोडा वाढला. पुढच्या खेपेस त्या स्वतः आल्या, तेव्हा म्हणाल्या, "हात हलतोय, हलू दे. अंगणात बसाय येतंय."

जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली या व्याधीवर निबंध लिहिला. त्यांचा जन्मदिवस, 11 एप्रिल, जगभर पार्किन्सन दिन म्हणून पाळला जातो. आपल्या भागात तेव्हा ऊन रणरणत असते. गोळ्यांच्या पाकिटावरची इंग्रजी अक्षरे आपल्या आजी-आजोबांना वाचता येत नाहीत. तेव्हा त्यांच्या भाषेत "उजेड सोसतो का?" एवढे आपणच विचारावे, मग आपली शाखा कोणतीही असो.